बोलका डबा गप्प झाला तर आयसीवर संशय शेवटी घ्या : स्पेक्ट्रमच्या मायक्रोस्पीचची दुरुस्ती

"मावशी, आयसी उडालीय. ऑनलाइन मिळतेय, मागवू का?" बहुतेक जण हे बोलतच जिना चढतात. पिशवीत झेडएक्स स्पेक्ट्रम हा १९८०च्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर असतो आणि जुन्या मोज्यात गुंडाळलेला एक छोटा काळा डबा. हा डबा म्हणजे कराह मायक्रोस्पीच, १९८३ सालचा, स्पेक्ट्रमला बोलायला लावणारा. बडोद्यात हे प्रकरण अजून निघतं, कारण इथल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी लेस्टर नाहीतर लंडनला असतं. त्या काळी सुट्टीवर येताना भाच्यासाठी कॉम्प्युटर आणणं ही मिरवायची गोष्ट होती. पुढे डेसिबेल्स कंपनीने भारतात स्पेक्ट्रम प्लस काढला, तोही कधीमधी माझ्याकडे येतो. बोलका डबा मात्र बॅगेतूनच आलेला असतो.

मी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट होते. आता दांडिया बाजारातल्या घरी जेवणाच्या टेबलाची अर्धी बाजू या कामाला दिली आहे, उरलेल्या अर्ध्या बाजूवर आम्ही जेवतो. आजवर चौदा डबे हाताखालून गेले, त्यातले तीन त्याच आयसीवर घरी बनवलेले. खरोखर आयसी गेलेली एकाच डब्यात निघाली, आणि तीही मालकाने चालू कॉम्प्युटरवरून डबा ओढला म्हणून.

आतली आयसी जनरल इन्स्ट्रुमेंटची एसपी०२५६-एएल२. तिच्यात शब्द नाहीत. ५९ ध्वनी आणि लहानमोठे ५ विराम, असे एकूण ६४ तुकडे आहेत. प्रत्येकाला ० ते ६३ मधला एक नंबर. कॉम्प्युटर एकामागून एक नंबर देतो, आयसी ते ते ध्वनी जोडून शब्द उच्चारते. हे डोक्यात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

लक्षणं

कोणतं लक्षण दिसतंय ते आधी नक्की करा. "चालत नाही" एवढ्यावरून काही कळत नाही.

– चित्र छान, पण आवाज शून्य. टीव्हीतून साधं बीपसुद्धा नाही, किंवा नुसती खरखर.
– बीप ऐकू येतं, बोलणं येत नाही.
– बोलतो, पण बोबडा. सांगितलं एक, उच्चारलं भलतंच.
– शब्द संपला तरी शेवटचा ध्वनी भुंग्यासारखा चालूच राहतो.
– पाच-दहा मिनिटं बरा चालतो, मग घरघर, मग कॉम्प्युटर आपोआप पहिल्यापासून सुरू.
– की दाबताना डबा जरा हलला की सगळं गोठतं.
– डबा लावून चालू केलं की काळा पडदा किंवा उभ्या पट्ट्या.

शेवटचं लक्षण असेल तर लगेच प्लग काढा आणि डब्याशिवाय कॉम्प्युटर लावून बघा. डब्याशिवायही पट्ट्याच दिसत असतील तर आजार कॉम्प्युटरचा आहे. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

एक नियम आधीच सांगते. स्पेक्ट्रमला चालू-बंदचं बटण नाही, त्यामुळे लोक चालू असतानाच डबा लावतात आणि काढतात. कॉम्प्युटरच्या मागच्या कनेक्टरवर, जिथे डबा बसतो, ५ व्होल्टच्या अगदी शेजारी ९ व्होल्ट आहे. डबा तिरका सरकला की दोन्ही एकमेकांना टेकतात. मग आधी जातात रॅमच्या, म्हणजे तात्पुरत्या मेमरीच्या आयसी, किंवा त्यांना १२ आणि उणे ५ व्होल्ट पुरवणारं सर्किट. डब्याला हात लावायच्या आधी वीज काढायची. प्रत्येक वेळी.

आधी टीव्हीचा मेनू

खर्च काही नाही, वेळ दोन मिनिटं. मायक्रोस्पीचला स्वतःचा स्पीकर नाही. बोलणं आणि स्पेक्ट्रमचं बीप, दोन्ही टीव्हीतून वाजतात. इंग्लंडच्या टीव्हीत आवाज चित्रापासून ६ मेगाहर्ट्झवर असतो, आपल्याकडे ५.५ वर. डबा इंग्लंडसाठी बनलेला. त्यामुळे आपल्या टीव्हीवर चित्र स्वच्छ येतं आणि आवाजाच्या जागी खरखर. डबा बिचारा बोलतच असतो, टीव्हीचा कान दुसरीकडे असतो.

सपाट टीव्ही असेल तर मॅन्युअल ट्यूनिंगमध्ये जा. स्पेक्ट्रम यूएचएफच्या ३६ नंबरच्या चॅनेलवर येतो. तिथे साउंड सिस्टिम नावाचा पर्याय बहुधा बी-जी वर असतो, तो आय वर करा. मग बीप १,१२ टाइप करून एंटर. एक सेकंद टीव्हीतून शिटी वाजली पाहिजे, कॉम्प्युटरच्या आतून येणारा बारीक आवाज धरू नका.

ही शिटी फार कामाची आहे. शिटीही नाही आणि बोलणंही नाही, म्हणजे दोष टीव्हीचा, नाहीतर टीव्हीपर्यंतच्या वायरींचा. आयसीचा विचारही करू नका. शिटी आहे पण बोलणं नाही, तर आवाजाची वाट मोकळी आहे आणि दोष अलीकडे, डब्यात किंवा डबा नि कॉम्प्युटर यांच्या सांध्यात आहे. कारेलीबागेतल्या एका मुलाने दोन आयसी मागवून झाल्यावर डबा माझ्याकडे आणला. मी टीव्हीचा मेनू बदलला. डबा बोलला, मुलगा मात्र पाच मिनिटं काही बोलला नाही.

पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही असेल आणि त्यात हा पर्याय नसेल तर टीव्ही उघडायला जाऊ नका. थेट आवाज बाहेर काढायची युक्ती पुढे आहे.

मग टाइप केलेलं

हेही फुकट. डबा लावून कॉम्प्युटर चालू केला की प्रत्येक की दाबताना तिचं नाव ऐकू येतं. कीज नावाच्या चलात शून्य भरलं की हे बंद होतं. मुलांना त्या बडबडीचा कंटाळा येतो, ती बंद करतात आणि विसरतात. प्लग काढून पुन्हा लावा, बडबड परत आली तर दुरुस्ती झाली.

त्यानंतर प्रिंट पीक २३७३० + २५६ * पीक २३७३१ एवढं टाइप करा. ४८के स्पेक्ट्रमवर डब्याशिवाय उत्तर ६५३६७ येतं. डबा लावल्यावर ६५१११ आलं पाहिजे, कारण बोलण्याचा मजकूर ठेवायला डबा मेमरीच्या वरच्या टोकाला २५६ बाइट स्वतःकडे घेतो. आकडा बदलला म्हणजे डब्यातला रॉम, म्हणजे कायमचा प्रोग्रॅम असलेली आयसी, कॉम्प्युटरने वाचला आणि निम्म्याहून जास्त शंका मिटल्या. बदलला नाही तर कनेक्टर साफ करायला घ्या, बाकी वाचू नका. स्पेक्ट्रम प्लस टू ए किंवा प्लस थ्री असेल तर मात्र शोध थांबवा. त्यांत कॉम्प्युटरचा स्वतःचा रॉम बाजूला सारायची तार वेगळ्या पद्धतीने काढली आहे आणि हा डबा तिथे चालत नाही.

शेवटचा ध्वनी रेंगाळण्याची तक्रार घरी बनवलेल्या बोर्डांवर येते. ती आयसीची खोड आहे, रोग नव्हे. पुढचा नंबर येईपर्यंत ती हातातला ध्वनी सोडत नाही. प्रत्येक शब्दाच्या शेवटी विरामाचा नंबर पाठवा, ० ते ४ मधला कुठलाही. भुंगा थांबतो.

अॅडॉप्टर

स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट, १.४ अँपिअरचा अॅडॉप्टर लागतो आणि त्याच्या पिनेचं मधलं टोक उणे असतं. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या बहुतेक अॅडॉप्टरचं मधलं टोक अधिक असतं. पिन नीट बसते म्हणून लावू नका. मीटरने आधी बघा.

मूळ अॅडॉप्टर काही न जोडता मोजला तर १२-१३ व्होल्ट दाखवतो. घाबरू नका, तो रेग्युलेटेड नाही, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवत नाही. कॉम्प्युटर आणि डबा दोन्ही लावून मोजा. सातच्या खाली घसरत असेल तर आतल्या ७८०५ या रेग्युलेटरला ५ व्होल्ट काढता येत नाहीत, आणि दहा मिनिटांनी होणारी घरघर इथूनच येते. उन्हाळ्यात, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असताना ७८०५ चा पत्रा हात लावू देत नाही. मी त्याच्या जागी हल्लीचा स्विचिंग मॉड्यूल टाकते. जुनी माणसं याला पाप म्हणतात. म्हणू देत.

कनेक्टर, म्हणजे खरा गुन्हेगार

चौदातले आठ डबे इथे बरे झाले, म्हणून जरा सविस्तर.

स्पेक्ट्रमच्या मागे बोर्डाची जी कडा बाहेर डोकावते तिच्यावर वर २७ आणि खाली २७ पट्ट्या आहेत, मध्ये एक खाच. पट्ट्यांवर सोनं नाही, कथील आहे. आपल्याकडचा पावसाळा चार महिने दमट. त्या हवेत कथिलावर करडा थर धरतो, आणि थर गेला तिथे खालच्या तांब्यावर हिरवट. डोळ्यांना पट्टी जेमतेम मळलेली दिसते, पण तेवढ्याने सिग्नल अडतो. त्यातली एक पट्टी स्पेक्ट्रमचा स्वतःचा रॉम गप्प करते, म्हणजे डब्याच्या रॉमला बोलता येतं. तीच एकटी मळली तरी डबा मुका. वर पीकचा आकडा बदलला नाही म्हणतात तो याचमुळे.

साफ असं करा. शाळेतला पांढरा मऊ खोडरबर घ्या. निळा-लाल, शाईचा घेऊ नका, त्यात वाळू असते. पट्टीच्या लांबीच्या दिशेने, आतून बाहेर, हलक्या हाताने सात-आठ वेळा. आडवं घासलंत तर पट्टीची कड उचलली जाते. एक उचललेली पट्टी परत चिकटवायला माझी अख्खी दुपार गेली होती. करड्याची चांदी होताना दिसते, तिथे थांबा. खोडरबराची भुकटी ब्रशने झाडा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला सुती कपडा फिरवा. पॉलिश पेपर नको, एवढंच हात जोडून सांगते.

डब्याच्या बाजूची फट लोक विसरतात, आणि अर्धी घाण तिथे असते. लग्नपत्रिकेचा जाड कागद फटीच्या मापाने कापा, आयसोप्रोपिलने ओला करा आणि आतबाहेर करा. पहिला कागद काळा निघतो. स्वच्छ निघेपर्यंत बदलत राहा. आमच्या घरी पत्रिकांना तोटा नाही.

पुरात भिजलेला डबा वेगळा. २०१९ आणि २०२४ च्या पावसाळ्यात विश्वामित्री नदी घरात शिरली, तेव्हाचे दोन डबे माझ्याकडे आले. त्यांत वाळलेला गाळ होता. गाळ खरवडायचा नाही. आधी साध्या पाण्याने, मग आयसोप्रोपिलने धुवा, पंख्याखाली दोन दिवस ठेवा, आणि तोवर वीज लावू नका. दोन्ही बोलले.

साफ करूनही की दाबताना गोठत असेल तर डबा मागे लोंबकळतोय. कनेक्टरच्या स्प्रिंगा चाळीस वर्षांनी सैल झाल्यात. डब्याखाली नेमक्या उंचीची पुठ्ठ्याची घडी द्या. दिसायला वाईट दिसतं, पण अगदी भक्कम.

बोबडेपणाचा हिशोब

इथून पुढे मल्टिमीटर आणि धीर लागतो. डब्याचे स्क्रू काढा.

आधी हे समजून घ्या की कनेक्टरमधली डेटाची तार सुटली तर नुसता बोबडेपणा येत नाही. डब्याचा रॉमही त्याच तारांवरून वाचला जातो, त्यामुळे अख्खा कॉम्प्युटर कोलमडतो. कॉम्प्युटर ठणठणीत आणि फक्त उच्चार वेडेवाकडे, म्हणजे दोष आयसीच्या पायांपाशी आहे: ड्राय सोल्डर, सॉकेटमधला मळका पाय, तुटलेला ट्रॅक.

कोणता पाय, ते आयसीच सांगते. तिला "हॅलो" म्हणायला लावायचं तर २७, ७, ४५, १५, ५३ हे नंबर द्यायचे: ह, ए, ल, अ, ओ. हे नंबर सहा तारांवरून जातात, त्यांच्या किमती १, २, ४, ८, १६ आणि ३२. सर्वांत लहान किमतीची तार, म्हणजे १८ नंबरची पिन, शून्यावर अडकली तर विषम नंबर सम होतात: २६, ६, ४४, १४, ५२. मग ऐकू येतं "अॅ-आय-ङ-र्-अर". पाचही ध्वनी चुकीचे. सर्वांत मोठ्या किमतीची तार, पिन १३, शून्यावर अडकली तर ३२ च्या पुढचेच नंबर बिघडतात. ४५ चा १३ होतो, ५३ चा २१, आणि आयसी म्हणते "हे-ट-अ-ड". पहिला, दुसरा आणि चौथा ध्वनी शाबूत. कागदावर लिहून काढा, कोणता ध्वनी कशात बदलला त्यावरून तार सापडते. मधल्या चार तारा पिन १७ ते १४. सापडलेल्या पिनेचा टाका नुसता गरम करून ताजं सोल्डर दिलं की बहुतेक वेळा काम होतं.

एक गोष्ट दोष म्हणून मोजू नका. ही आयसी इंग्रजीसाठी बनलेली, तिच्याकडे ळ नाही. माझ्या नातवाने तिला "केळं" म्हणायला लावलं, ती दर वेळी "केलं" म्हणते. द हवा असेल तर इंग्रजी "दे"मधला ध्वनी वापरा, नंबर १८. "बडोदा" त्याने बऱ्यापैकी जमतं.

आवाज चिरका आणि घाईचा येत असेल तर घरी बनवलेल्या बोर्डाचा क्रिस्टल बघा. ३.१२ मेगाहर्ट्झचा हवा. तो मिळाला नाही की लोक ३.५८ चा लावतात. त्याने बोलणं साधारण १५ टक्के चढतं, कानाला चालतं. एकाने जुन्या रंगीत टीव्हीतला ४.४३ चा लावला होता. आयसी चिमणीसारखी बोलत होती.

मीटरने

काळी तार पिन १ ला. पिन ७ आणि पिन २३, दोन्हींवर ५ व्होल्ट हवेत. लोक ७ मोजतात आणि २३ विसरतात. पिन २२ जमिनीला, म्हणजे पिन १ ला, जोडलेली हवी. पिन २ आणि २५ हे दोन्ही रीसेट, चालू झाल्यावर दोन्ही वर, म्हणजे ५ व्होल्टच्या जवळ, असले पाहिजेत, एकही खाली अडकला तर आयसी झोपूनच राहते. पिन ८ गप्प असताना वर असते आणि बोलताना खाली येते. पिन ८ खाली येतेय पण आवाज नाही, तर आयसी बोलतेय आणि पुढची वाट तुटली आहे.

टीव्हीला फाटा देऊन आवाज काढायचा तर पिन २४ वरून घ्या. तिथे पल्स असतात, थेट अॅम्प्लिफायरला दिले तर कर्कश येतं. ३३ किलो-ओमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक लावा, प्रत्येकाच्या पुढे ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जमिनीला, मग १ मायक्रोफॅरडमधून एलएम३८६ च्या छोट्या अॅम्प्लिफायरला. सगळं सामान बडोद्याच्या मरीमाताच्या खांच्यात, त्या बाजारात, एका फेरीत मिळतं. मुळातल्या वायरींना हात लावू नका, नवीन वायर समांतर काढा.

आयसी बदलायचीच असेल तर

वरचं सगळं करून, दोन्ही पिनांवर ५ व्होल्ट, रीसेट वर, घड्याळ (आयसीला ताल देणारा सिग्नल) चालू, आणि तरी पिन ८ हलत नाही किंवा आयसी हाताला पोळतेय, तेव्हाच. कोमट असणं ठीक आहे. ही आयसी बनणं कधीच थांबलं. ऑनलाइन जे विकतात त्यात जुनी अक्षरं घासून नवी छापलेल्या दुसऱ्याच आयसी बऱ्याच असतात. कापसाला अॅसिटोन लावून वरच्या बाजूला पुसा. काळी शाई निघाली आणि खाली घासल्याचे ओरखडे दिसले तर परत पाठवा. खरी आहे असं वाटलं तरी आधी ब्रेडबोर्डवर वरचे पाच नंबर देऊन बोलतेय का ते बघा. चांगल्या डब्यातून जुनी उपसून मग नवी खोटी निघाली, असं व्हायला नको. नव्या आयसीला सॉकेट लावाच.

थांबायचं कुठे

पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचं मागचं झाकण उघडायचं नाही. प्लग काढल्यावरही ट्यूबवर हजारो व्होल्ट साठलेले राहतात. मीही उघडत नाही, टीव्हीवाल्याला बोलावते.

डब्याशिवायही पट्ट्या किंवा काळा पडदा येत असेल तर रॅमच्या आयसी किंवा त्यांचं व्होल्टेज गेलं आहे. मीटरने बघून रॅम बदलण्याचं काम पहिल्या प्रयत्नात कुणाला जमत नाही, आणि चालू-बंद करत राहिलात तर एकाच्या जागी चार आयसी जातात. तो कॉम्प्युटर जुनं सामान दुरुस्त करणाऱ्या माणसाकडेच द्या.

अॅडॉप्टरचं कव्हर तडकलं असेल, आतून गुणगुण किंवा जळका वास येत असेल, तर उघडून बघू नका. नवा घ्या.

२८ पायांची आयसी साध्या सोल्डरिंग गनने काढायची नाही. या डब्याच्या बोर्डाचे ट्रॅक नाजूक आहेत, उष्णता लागली की उचलतात, आणि ते माझ्याकडे आणलंत तर मलाही रडू येतं. डीसोल्डरिंग स्टेशन असलेला मोबाइल दुरुस्तीवाला हे पाच मिनिटांत करतो. त्याला एवढंच सांगा की आयसीच्या टोकाची खाच कुठल्या बाजूला आहे ते आधी फोटो काढून ठेव. आणि डबा, कॉम्प्युटर, अॅडॉप्टर तिन्ही वेगवेगळे बांधून न्या, नाहीतर दुकानात पोचल्यावर पहिली गोष्ट तो ते सगळं जोडून, चालू करून बघण्याची करतो.